नोंदवहीत अकरा डोकेदुख्या

एकोणिसाव्या दिवशी सकाळी लेसिएलीने लसीचं कार्ड उलटं केलं आणि मागे छापलेला नंबर लावला.

तिची पाळी म्हणजे पाच दिवसांत मुकाट आवरणारी. लस घेतल्यावर नवव्या दिवशी आली, ती लांबच्या नात्यातली पाहुणी यावी आणि मुक्कामच ठोकून बसावी तशी बसली. पहिला आठवडा लेसिएली म्हणाली, थांबेल. दुसरा आठवडा म्हणाली, थांबायचं काय घेशील? तिसऱ्या आठवड्यात ती काहीच म्हणेनाशी झाली, कारण पावसाच्या टाकीवरून पाण्याची बादली स्वयंपाकघरापर्यंत आणताना मध्ये दोनदा बसावं लागत होतं. दीड वर्षाच्या लुपेला वाटलं, आईने आपल्यासाठी नवा खेळ काढलाय. आई बसली की ही दुडदुडत यायची, मांडीत चढायची, खोबऱ्याने माखलेले हात आईच्या गालांना लावायची आणि आई उठायला लागली की "बस, बस" म्हणून तिला खाली दाबायची. लेसिएलीला हसू यायचं आणि डोळ्यांपुढे काजवेही चमकायचे, दोन्ही एकदमच.

बुधवारच्या जहाजाने बायकांची डॉक्टर येणार होती. हापाई द्वीपसमूहाच्या या टोकाच्या बेटावर ती वर्षातून दोनदा येते, आणि या खेपेला राजधानीतल्या कचेरीने नवाच नियम काढला होता. लसीनंतरचे त्रास ज्या वहीत लिहितात, त्या वहीत ज्या तक्रारी असतील त्यांचाच डॉक्टर जहाजात चढणार. वही सोमवारी दुपारी दोनला बंद. म्हणजे लेसिएलीला हवं होतं ते एवढंच, की त्या वहीत तिच्या नावापुढे एक ओळ पडावी. आज गुरुवार. एका ओळीला चार दिवस म्हणजे पुष्कळ झाले, असं तिला वाटलं.

फोन नर्स कालोलाइनेने घेतला. "बोल गं लेसी. हात गुंतलेत, पण कान मोकळे आहेत."

लेसिएली बोलली. साठलेलं होतं, त्यामुळे एका दमात बोलली. दिवस किती झाले, गाठी केवढ्या पडतात, झोपेतून किती वेळा उठावं लागतं, सासूने दिलेली नवीकोरी चादर कशी वाया गेली. "आणि खरं सांगू का कालो, माझ्या अंगात आता एखाद्या मासळीएवढंसुद्धा रक्त उरलं नसेल."

पलीकडे कुणीतरी खाकरलं. बाईचं खाकरणं नव्हतं ते.

"कालो?"

"अगं..." कालोलाइनेचा आवाज एकदम खाली आला. "मी लसीच्या बाटल्या बर्फात भरतेय ना, म्हणून फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवलाय. सोसाया बसलाय इथे. वही घेऊन."

खुर्ची सरकली. काहीतरी खाली पडलं. दार आपटलं.

"गेला," कालोलाइने म्हणाली. "वही काखेत मारून गेला."

सोसाया हा ती वही लिहिणारा दवाखान्यातला कारकून, आणि लेसिएलीच्या मावशीचा मुलगा. मावशीचा मुलगा म्हणजे भाऊच. सख्खा आणि मावस असा भेद करत बसायला इथे कुणाला वेळ नाही. आणि भावाशी बहिणीने काय बोलायचं याची यादी फार छोटी: हवा, चर्च, पोरांचे मार्क. दोघं एकाच अंगणात वाढली, पण तो दहा-अकराचा झाल्यावर मुलांच्या झोपडीत झोपायला गेला. घरी टीव्हीवर नायक-नायिका जवळ यायला लागले की दोघांतलं एक जण उठून पाणी प्यायला जायचं. इतकी वर्षं असं पाणी पिऊन पिऊन जपलेलं नातं. आणि त्यात आज सकाळी लेसिएलीची चादर.

"मग आता माझं नाव?"

"मला बोट गाठायचीय गं, इंजिन सुरू झालंय. पलीकडच्या बेटांवर लस द्यायचीय. मंगळवारी आले की—"

"वही सोमवारी बंद होते!"

"मग सोसायाला सांग ना," कालोलाइने म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनेच जीभ चावली.

लेसिएलीने मनाची समजूत घातली. लाज वाटायची ती वाटली, पण ऐकलंय ना त्याने? मग लिहिलंही असेल. तिला ठाऊक होतं की ही समजूत लंगडी आहे. भावाने असं काही ऐकलं, तर सभ्यपणाचा रस्ता एकच: ऐकलंच नाही. आणि जे ऐकलंच नाही ते लिहिणार कसं?

शुक्रवारी पाउलासी, तिचा नवरा, मासे घेऊन आला तेव्हा तिने त्याला उंबऱ्यातच गाठलं. "तसाच जा दवाखान्यात. वहीत माझं नाव आहे का बघ. नसेल तर लिहून घे."

"काय लिहून घेऊ?"

"जे झालंय ते!"

पाउलासी असा माणूस, की होडीच्या बाजूने शार्क गेला तरी हातातलं जाळं सोडणार नाही. पण त्याचे कान तिथल्या तिथे लाल झाले. गेला. अर्ध्या तासाने परत आला तो हातात गोळ्यांची पट्टी घेऊन.

"लिहिलं?"

"लिहिलं."

"काय लिहिलं?"

पाउलासी लुपेच्या पायाची बोटं मोजायला लागला. बोटं दहाच निघाली तेव्हा नाइलाज झाला. "अगं, मी म्हटलं, लेसीला त्रास होतोय. तो म्हणाला, कसला? मी म्हटलं, त्रास. तो छताकडे बघायला लागला, मी जमिनीकडे. बराच वेळ गेला. मग तोच म्हणाला, डोकं दुखतंय का? मी म्हटलं, हो."

"हो?"

"तू एवढी चिडलेली होतीस, म्हटलं डोकंही दुखतच असेल."

"अरे, वीस दिवस माझ्या अंगावरून जातंय आणि वहीत डोकेदुखी?"

"मी त्याच्या तोंडावर कसं बोलू ते? त्याच्या बहिणीबद्दल? परवा मुळ्यांचा कावा प्यायला बैठकीत मांडीला मांडी लावून बसायचंय मला त्याच्याबरोबर."

"मग बसा मांडीला मांडी लावून! मी इथे वाहून जाते, तुम्ही कावा प्या!"

लुपेने दोघांकडे पाहिलं आणि गोळ्यांची पट्टी तोंडात घालून बघितली. ती काढून घेताना लेसिएलीला भोवळ आली. पाउलासीने पुढे होऊन मायलेकींना एकदमच धरलं, आणि खाली बसवूनही सोडलं नाही. त्यामुळे तिला नीट चिडताही येईना, आणि नीट चिडता येत नाही याचा तिला आणखी राग आला.

शनिवारी तिने राजधानीला फोन लावला. तिथे एक गोड आवाज भरून ठेवलेला होता. तापासाठी एक दाबा. हात दुखत असेल तर दोन दाबा. इतर तक्रारींसाठी पाच दाबा. तिने पाच दाबलं. थोडा वेळ भजन वाजलं. मग तोच गोड आवाज म्हणाला, "कृपया आपल्या बेटाच्या नोंदणी कारकुनाशी संपर्क साधा," आणि त्याने सोसायाचं पूर्ण नाव वाचून दाखवलं.

रविवारी चर्च सुटताना गावप्रमुख सूचना द्यायला उभा राहिला. कमरेला नेसलेली मानाची चटई सावरली, घसा साफ केला.

"आनंदाची बातमी आहे. लसीनंतर आपल्या गावातल्या अकरा भगिनींना डोकेदुखीचा त्रास होतोय, याची राजधानीने तातडीने दखल घेतली आहे. बायकांच्या डॉक्टरसाठी आपल्याकडून अजून एकही नोंद नसल्यामुळे बुधवारच्या जहाजाने त्यांच्याऐवजी चष्म्याचे डॉक्टर येतील. सगळ्यांचे डोळे तपासतील."

पुरुषांच्या बाकांवरून समाधानाची गुणगुण उठली. बायकांच्या बाकांवर हातपंखे हलत होते, ते एकेक करून थांबले. सोसाया दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. मागून त्याची मान दिसत होती, आणि ती मान एवढी खाली गेली होती की प्रार्थना संपलीय हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

अकरा? लेसिएलीने मनात मोजायचा प्रयत्न केला. मी एक. मग बाकीच्या दहा कोण?

रविवारी काम नाही, हाका नाहीत, या घरातून त्या घरात जाणं नाही. सोमवारी उजाडताच ती लुपेला कडेवर घेऊन कापडघरात गेली. डिसेंबरातल्या लग्नासाठी तुतीच्या सालीचं मोठं कापड करायला घेतलेलं होतं. मधोमध लांबलचक गोल पाठीची फळी, तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बायका. साल कुटून केलेले पातळ पदर एकावर एक ठेवायचे, उकडलेल्या कंदाने चिकटवायचे, वरून तपकिरी रंगाच्या बोळ्याने घासायचे. हात चालू, डोळे हातांवर. या कामात एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून इथे सगळं बोललं जातं.

आज मात्र कुणी बोलत नव्हतं. शेवटी तोआकासेलाच राहवेना. "माझं तर डोकं कधीच दुखत नाही," ती बोळा घासत म्हणाली.

"दुखायला आत काहीतरी असावं लागतं," समोरून पिसिला.

"हस तू. माझं नाव आहे त्या अकरांत. नवऱ्याला पाठवलं होतं, तो डोकेदुखी लिहून आला."

लेसिएलीचा हात थांबला. "तुझा पण?"

"मग तुझा काय म्हणाला?"

"त्रास."

"आमच्याकडचा 'बरं वाटत नाही' म्हणाला. सोसाया म्हणाला, डोकं का? हा म्हणाला, हो. माझी एका महिन्यात दोनदा आली, बाई."

"माझी आलीच नाही," पिसिला एकदम म्हणाली. "दीड महिना. सासूने बाळाची चटई विणायला घेतली. परवा आली, तर आता ती माझ्याशी बोलत नाही. जशी काही मीच तिला फसवलं."

मग फळीच्या दोन्ही बाजूंनी सुरू झालं. कुणाची आठवडाभर आधी, कुणाची दुप्पट, कुणाच्या पोटात असं दुखलं की बाळंतपण आठवलं. सोसाया निम्म्या गावाचा भाऊ आणि उरलेल्या निम्म्याचा दीर, तेव्हा सगळ्यांनी नवऱ्यांनाच पाठवलेलं, आणि सगळे नवरे जमिनीकडे बघून 'हो' म्हणून आलेले. "खऱ्या डोकेदुखीची कोण आहे का?" लेसिएलीने विचारलं. टोकाला बसलेल्या एका म्हातारीने हात वर केला. तिचं डोकं दुखत होतं, पण लसीच्या आधीपासून. नवरा घोरायचा.

हसण्यात फळी हलली. हसू ओसरल्यावर पिसिला म्हणाली, "पण मी म्हणते, राहू दे ना डोकेदुखीच. कावाच्या बैठकीत आधीच बडबडतात, लस घेतली की बायका वांझ होतात म्हणून. आपण पाळीचं लिहून दिलं तर दुसरी लस घेणार कोण? मला घ्यायचीय. माझी बहीण ऑकलंडच्या इस्पितळात फरशा पुसते. तिने काय काय बघितलंय ते फोनवर सांगताना रडायची."

"मलाही घ्यायचीय, म्हणून तर म्हणते," लेसिएली म्हणाली. "आपण गप्प बसतो म्हणूनच ते वाट्टेल ते बोलतात. कुणी तपासलंच नाही तर आपल्याला तरी काय कळणार, लसीने झालंय का आणखी कशाने? तुझी परवा आली, सुटलीस तू. माझा आज तेविसावा दिवस आहे, पिसिला. तपासायला येणार ती बाई जहाजात नाही. मी चष्मा लावून काय करू?"

आवाज चिरकला. लुपे रंगाच्या भांड्यात हात घालायला निघाली होती, ती थांबून आईकडे बघायला लागली.

दाराशी साल कुटण्याचा आवाज येत होता, तोही थांबला. तिथे फालाकिका आत्या बसलेली. आत्या सोसायाची, पण म्हणायला सगळ्या गावाची. "तेवीस?" तिने विचारलं.

"हो आत्या."

"आणि तुम्ही एवढ्या घोडीसारख्या बायका मिळून एका पोराला घाबरता?"

"आत्या, तो आमचा भाऊ आहे."

"तुमचा भाऊ असेल. माझा भाचा आहे." आत्याने मोगरी खाली ठेवली. बापाची बहीण इथे बापाच्याही वर. तिच्या शब्दापुढे 'पण' लावायची सोय नाही. "आणि मला काहीही बोलता येतं. माझं दुकान बंद होऊन पंचवीस वर्षं झाली."

तिने भिंतीवरची चांगली चटई कमरेला बांधून घेतली, मयताला किंवा लग्नाला निघावी तशी, आणि दवाखान्याच्या वाटेला लागली. लेसिएली लुपेला घेऊन अंतर ठेवून मागे गेली आणि खिडकीबाहेर नीरफणसाच्या बुंध्याआड उभी राहिली.

"सोसाया, ऊठ."

"आत्या! बसा ना. काय, डोकं—"

"माझं डोकं जागेवर आहे. गुरुवारी कालोचा फोन चालू होता तेव्हा तू टेबलाशी होतास ना? काय ऐकलंस?"

"काही नाही ऐकलं."

"शहाणा आहेस. चांगलं वळण लावलंय तुला. आणि ऐकलं नाहीस म्हणून लिहिलंही नाहीस."

मग सोसायाचा आवाज आला, आणि तो दवाखान्यातल्या कारकुनाचा आवाज नव्हता. "कसं लिहू आत्या? हाताने लिहायचं तर आधी मनात म्हणावं लागतं. नाही म्हणवत. पेन उघडून बसतो आणि बंद करतो. चार दिवस मला अन्न गोड लागत नाही. ती तिकडे..."

लेसिएलीने चार दिवस मनात साठवलेल्या शिव्यांपैकी एकही तिला आता सापडेना. मोठा वैताग आला तिला त्याचा.

"मग नको लिहूस," आत्या म्हणाली. "वही ठेव, पेन ठेव आणि धक्क्यावर जाऊन बस."

"वही दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, असा नियम—"

"तुझं नाव कुणी ठेवलं?"

"तुम्ही."

"मग?"

मागचं दार वाजलं.

अर्ध्या तासात अकराही जणी दवाखान्यात होत्या, हात कोपरापर्यंत तपकिरी. वहीत छापील रकाने होते: ताप, हात दुखणे, डोकेदुखी, उलटी, पुरळ. सगळ्यांत शेवटी 'इतर', बोटाच्या पेराएवढा. ज्याने ती वही छापली त्याला वाटलं असावं की इतर असं असून असून काय असणार. तोआकासेचं लिहिणं रकान्यातून निघून पानाच्या कडेने वर चढलं आणि पिसिलाच्या जागेत घुसलं, त्यावरून थोडं भांडण झालं. डोकेदुखीवाली म्हातारी नुसतीच सोबतीला आली होती, पण रांगेत उभीच होती म्हणून तिने नवऱ्याचं घोरणं लिहून टाकलं. लेसिएलीने आपल्या नावापुढची 'डोकेदुखी' आडव्या रेघेने खोडली आणि लिहिलं: पाळी. २३ दिवस. थांबत नाही. उभं राहिलं की अंधारी येते.

तिची ओळ पडली. ती बाकावर बसली आणि कापडघरात परत जायला तिला तोआकासेचा खांदा लागला.

आता फक्त सोसायाने पानांचे फोटो काढून राजधानीला पाठवायचे होते. एवढं काम, त्याला काय लागतं?

दोनला वीस मिनिटं कमी असताना कापडघराबाहेर पावलं वाजली. सोसाया दाराकडे पाठ करून उभा होता. तो समोरच्या झाडाशी बोलायला लागला.

"कचेरीतून फोन आला होता," तो झाडाला म्हणाला. "फोटो चालत नाहीत म्हणे. दोन फोटोंत भिंतीवरचं कॅलेंडर आलंय आणि एकात माझा अंगठा. पानाकडे बघून काढायला हवेत, म्हणतात. मला मान वळवून काढावे लागले."

आत बायका तपकिरी हातांनी तोंडं दाबून बसल्या होत्या. आत्या एकटीच गंभीर होती, आणि तीही फार वेळ टिकेल असं दिसत नव्हतं.

"ज्या कुणाला जमत असेल," सोसाया झाडाला पुढे म्हणाला, "वही आणि फोन दगडावर ठेवतोय." आणि तो रस्त्याच्या कडेला जाऊन, पाठ तशीच ठेवून, उभा राहिला.

लेसिएली बाहेर आली. दगडाजवळ बसून तिने एकेक पान बोटांनी सपाट केलं, फोटो काढले, पाठवले. तोच फोन तिच्या हातात वाजला.

"आता दिसतंय," राजधानीतली बाई म्हणाली. "हे पहिलं नाव, लेसिएली. तेवीस दिवस लिहिलंय, बरोबर? रोज किती पॅड लागतात?"

लेसिएलीने वर पाहिलं. सोसाया पंचवीस-तीस पावलांवर होता. तिथपर्यंत तिचं बोलणं सहज ऐकू जाणार. गुरुवारी तिला माहीत नव्हतं की तो ऐकतोय. आज माहीत होतं. तिने आवाज खाली आणून पाहिला.

"काय? ऐकू येत नाही, मोठ्याने बोला."

"सहा!" लेसिएली म्हणाली. "कधी सात!"

सोसायाची पाठ ताठ झाली. आणि मग त्याने गायला सुरुवात केली. चर्चमधलं स्तोत्र, पुरुषांच्या खालच्या पट्टीतलं, एकट्याने, भर रस्त्यात, घसा फोडून.

"तिथे प्रार्थना चालू आहे का?"

"नाही, माझा भाऊ गातोय."

"बरं. गाठी पडतात?"

"पडतात!" सोसायाने पट्टी चढवली. "केवढ्या?" "लिंबाएवढ्या!" त्याने दुसरं कडवं धरलं. "चक्कर?" "येते!" रस्त्याने जाणारा गावप्रमुख थांबला, काय चाललंय ते बघितलं, कुणीतरी मेलं असावं असं समजून टोपी काढली आणि आपणही गायला लागला.

"मग बाई, हे सगळं आधी का नाही सांगितलंत?" ती बाई म्हणाली. "आम्ही चष्मेवाल्याला तिकीट देऊन बसलो ना."

लेसिएलीने डोळे मिटले. कार्डावरचा नंबर, पाउलासीचे लाल कान, तो गोड आवाज, पाच दाबा. "सांगितलं," ती म्हणाली. "गुरुवारी सांगितलं, शुक्रवारी सांगितलं, शनिवारी तुमच्या मशीनला सांगितलं. आता सांगतेय. चौथ्यांदा. लिहिताय का?"

"लिहितेय, लिहितेय. एकूण नऊ जणी?"

"दहा. अकरावीचं खरंच डोकं दुखतं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "मग दोघांनाही पाठवते."

बुधवारी दोघंही उतरली. बायकांच्या डॉक्टरने कालोलाइनेच्या खोलीत चादर ताणून आडोसा केला, लेसिएलीचं पोट यंत्राने तपासलं, रक्त घेतलं, पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "रक्त फार खाली गेलंय. गर्भाशयात वाढलेलं काही दिसत नाही, ते चांगलं. थांबायचं औषध देते, लोहाच्या गोळ्या देते."

"लसीने झालं का हे?"

"पाळी मागेपुढे झाल्याचं बाहेरच्या देशांतल्या बायकांनीही सांगितलंय. बहुतेकींचं एक-दोन महिन्यांत आपोआप जागेवर येतं. तुझं तेवढंच आहे की त्यात आणखी काही आहे, ते मी आज सांगू शकत नाही. सहा आठवड्यांनी राजधानीत येऊन दाखव, दुसऱ्या लसीचं तेव्हा बोलू. पण असं तीन आठवडे घरी बसून राहायचं नसतं, बाई."

बसून! लेसिएलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बाहेर रांगेत तोआकासे, पिसिला आणि बाकीच्या उभ्या होत्या म्हणून मिटलं.

औषधाच्या तिसऱ्या दिवशी थांबलं. त्याच दुपारी पाउलासी माडाच्या झावळीची टोपली घेऊन आला. टोपलीत अळूची कोवळी पानं, दोन नारळ, आणि केळीच्या पानात बांधलेली डुकराची कलेजी. अख्खी.

"सोसायाने पाठवलीय."

"कशाबद्दल? आज काय आहे?"

"काही नाही. म्हणाला, अळूत बांधून नारळाच्या दुधात शिजवा. आणि तिनेच खायची म्हणाला, बाकी कुणी नाही." पाउलासीने टोपलीत आशेने डोकावून पाहिलं. "दोनदा म्हणाला."

लेसिएलीने कलेजी हातात तोलून पाहिली. एवढ्याशासाठी त्याने डुक्कर मारलं होतं, ज्याला लग्नापर्यंत वाढवायचं म्हणून त्याची बायको रोज खोबरं घालायची.

"म्हणजे ऐकलं होतं त्याने. सगळं."

"कुणी?" पाउलासी म्हणाला आणि छताकडे बघायला लागला.

"गुरुवारीच ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं रे?" ती टोपलीला म्हणाली. "चार दिवस! डुक्कर मारवतं, पण एक ओळ लिहवत नाही." तरी तिने चूल पेटवली, अळूची पानं एकात एक लावली, कलेजीचे तुकडे केले, नारळाचं दूध ओतलं, पुड्या बांधल्या. शिजायला दोन तास लागले आणि ते दोन्ही तास ती त्याला बोलत होती. मग पहिली पुडी उघडून ती जेवायला बसली, आणि सांगितल्याप्रमाणे, कुणालाही न देता, सगळी एकटीने खाल्ली.